हसदेवच्या काठचा प्राचीन समुद्र



छत्तीसगड राज्यातील मनेंद्रगड हे कोळशाच्या पट्ट्यात वसलेले गाव. साल आणि मोहाची वने, लाल माती, मधून वाहणारी हसदेव नदी असा हा मुलूख. तेथून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्रकिनारा शेकडो किलोमीटर दूर आहे. परंतु हसदेव नदी आणि हसिया नाला यांच्या संगमाजवळ, नदीच्या पात्रात व काठावर जे करडे, हिरवट खडक उघडे पडले आहेत, त्यांत समुद्रातील शिंपल्यांचे असंख्य ठसे आढळतात. हे शिंपले कोणी तेथे आणून टाकलेले नाहीत. ते ज्या चिखलात जगले आणि मेले, तोच चिखल कालांतराने खडक झाला. सुमारे २८ ते २९ कोटी वर्षांपूर्वी या ठिकाणी खारे पाणी होते, याची ही लेखी साक्षच म्हणावयाची.

हे जीवाश्म १९५४ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एस. के. घोष यांच्या निदर्शनास आले. पुढे सर्वेक्षणाने या स्थळाचा समावेश राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकांत केला. किल्ले, लेणी व मंदिरे ही स्मारके होत, हे सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु नदीकाठचा एक साधा दिसणारा खडकही राष्ट्राचे स्मारक असू शकतो, ही गोष्ट अद्याप पुरेशी रुजलेली नाही. ती का रुजावी, हे समजण्यासाठी या शिंपल्यांनी काय सांगितले ते पाहणे अगत्याचे आहे.

रेल्वेमार्गाच्या कापणीतील साक्षीदार

मनेंद्रगडचा शोध पहिला नव्हे. त्याच्या पश्चिमेस सुमारे १४० किलोमीटरवर मध्य प्रदेशातील उमरिया हे ठिकाण आहे. १९२१ साली, उमरिया रेवा संस्थानात असताना, संस्थानचे भूवैज्ञानिक के. पी. सिनोर यांना तेथील रेल्वेमार्गासाठी केलेल्या कापणीत सागरी जीवांचे अवशेष सापडले. हा थर जेमतेम ३ मीटर जाडीचा. परंतु तोवर दख्खनच्या द्वीपकल्पाच्या अंतर्भागात पुराजीव महाकल्पातील समुद्र शिरला असेल, अशी कल्पनाही कोणी केली नव्हती. या भागातील त्या काळचे खडक नद्या, सरोवरे व हिमनद्या यांनी रचलेले आहेत, असेच सर्वत्र शिकविले जात होते. तीन मीटरच्या त्या थराने मध्य भारताच्या प्राचीन नकाशात समुद्राची भर घातली.

केंब्रिजचे पुराजीवशास्त्रज्ञ एफ. आर. कूपर रीड यांनी १९२८ साली या जीवाश्मांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील एका जातीला त्यांनी ‘प्रॉडक्टस उमरियेन्सिस’ असे नाव दिले. एका लहानशा भारतीय गावाचे नाव अशा रीतीने शास्त्रीय वाङ्मयात कायमचे दाखल झाले.

पुराजीव महाकल्प हा सुमारे ५४ कोटी ते २५ कोटी वर्षांपूर्वीचा दीर्घ कालखंड होय. उमरिया आणि मनेंद्रगड येथील थर त्याच्या अखेरच्या, म्हणजे पर्मियन कल्पाच्या, पूर्वार्धातील आहेत.

खारे पाणी कशावरून?

येथे चिकित्सक वाचकाच्या मनात शंका येईल. शिंपले तर आपल्याकडील नद्यांतही सापडतात. मग हे पाणी समुद्राचेच होते, असे कशावरून? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर शिंपल्यांच्या सोबत्यांत आहे.

उमरियाचा ‘प्रॉडक्टस’ हा प्राणी खरे पाहता शिंपल्यांच्या कुळातला नाही. तो ब्रॅकिओपॉड या वेगळ्या गटातला आहे. नेहमीच्या शिंपल्याची दोन कवचे म्हणजे डावी व उजवी बाजू. ती बहुधा एकमेकांची प्रतिबिंबे असतात. ब्रॅकिओपॉडचे वरचे व खालचे कवच मात्र आकाराने भिन्न असते आणि प्रत्येक कवच मधोमध रेघ ओढली तर दोन सारख्या भागांत विभागले जाते. हा भेद शाळकरी मुलालाही पाच मिनिटांत समजावून देता येतो. आजही जगात जे ब्रॅकिओपॉड जिवंत आहेत, ते सर्व समुद्रात राहतात.

मनेंद्रगडला ‘युरिडेस्मा’ आणि ‘अ‍ॅव्हिक्युलोपेक्टेन’ हे शिंपले विपुल आहेत. त्यांच्या बरोबर क्रिनॉइड, म्हणजे देठावर फुलासारखे उभे राहणारे, तारामाशाच्या नात्यातले प्राणी, तसेच जाळीदार वसाहती करणारे ब्रायोझोआ आणि सूक्ष्म कवचांचे फोरॅमिनिफेरा हेही आढळतात. क्रिनॉइड गोड्या पाण्यात जगत नाहीत. एका साक्षीदाराच्या जबानीवर विसंबून न राहता अनेकांच्या जबान्या जुळतात की नाही हे पाहावे, हा न्यायालयाचा दंडक विज्ञानातही पाळला जातो. मनेंद्रगडला या जबान्या जुळतात.

हिम वितळले, समुद्र आत आला

मग प्रश्न उरतो तो असा, की समुद्र इतक्या आत आलाच कसा? त्याचे उत्तर हिमात आहे, आणि या हिमाची एक महत्त्वाची खूण महाराष्ट्राच्या भूमीवर आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ चुनखडकाचा एक पृष्ठभाग गुळगुळीत झिजलेला व समांतर ओरखड्यांनी भरलेला आढळला. त्यावर लहानमोठ्या धोंड्यांचा थर पसरलेला होता. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ साली त्याविषयीचे टिपण प्रसिद्ध केले. हिमनदीच्या तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकावरून सरकताना कानशीसारखे काम करतात आणि असे ओरखडे उमटवितात. ओडिशातील तालचेर येथे याच प्रकारचा धोंड्यांचा थर १८५६ साली वर्णिला गेला होता. त्यावरून या थरांना तालचेर हे नाव मिळाले. आज उन्हाळ्यात ज्या चंद्रपूरचे तापमान ४५ अंशांच्या वर जाते, तेथे कोट्यवधी वर्षांपूर्वी हिमनद्या सरकत होत्या.

त्या काळी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे एकाच महाखंडाचे भाग होते व भारत दक्षिण गोलार्धात बराच दक्षिणेस होता. ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुआर्ट झ्यूस यांनी १८८५ साली या महाखंडाला गोंडवनभूमी म्हटले. गोंड जमातीच्या प्रदेशावरून आलेला हा शब्द आज जगातील प्रत्येक भूगोलाच्या वर्गात उच्चारला जातो.

हिम वितळू लागले तेव्हा समुद्राची पातळी वाढली. हिमाच्या प्रचंड भाराखाली दबलेली भूमी लगेच वर उचलली गेली नव्हती. हिमनद्यांनी कोरलेल्या सखल दऱ्यांतून खारे पाणी आत शिरले. मनेंद्रगडचे सागरी थर तालचेर थरांतच आहेत, ही गोष्ट या क्रमाशी जुळणारी आहे. ‘युरिडेस्मा’ हा जाड कवचाचा शिंपला थंड पाण्यात राहणारा. तो ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, अर्जेंटिना, काश्मीर आणि पाकिस्तानातील सॉल्ट रेंज येथेही सापडतो. हिमयुगाच्या अखेरीस या दूरदूरच्या प्रदेशांचे किनारे एकाच थंड समुद्राने धुतले जात होते, याचा हा पुरावा होय.

हा समुद्र कोणत्या वाटेने आला, याविषयी मात्र अभ्यासकांत दोन मते आहेत. राजस्थानात बाप व बढौरा येथे याच काळाचे थर आहेत, त्यावरून काही जण वायव्येकडून नर्मदा व शोण यांच्या पट्ट्यातून समुद्र आल्याचे मानतात. सिक्कीम आणि अरुणाचल प्रदेशातील सागरी थर, तसेच झारखंडमधील डाल्टनगंजचे जीवाश्म पाहून इतर काही जण त्याची वाट ईशान्येकडून आखतात. या वादाचा निकाल पुस्तकांतून लागणार नाही. तो मनेंद्रगड, उमरिया यांसारख्या मोजक्या जागांवरील थर पुन्हा पुन्हा तपासूनच लागेल. त्या जागा शिल्लक राहिल्या तरच.

समुद्राचा मुक्काम अल्पकाळाचा ठरला. तो ओसरल्यावर त्याच भूमीवर दलदलीची अरण्ये वाढली आणि त्यांचा कोळसा झाला. बल्लारपूरच्या आणि चिरमिरीच्या खाणींतून निघणारा कोळसा त्याच पर्मियन कल्पातील अरण्यांचा आहे. विजेचा दिवा लावणाऱ्या विदर्भातील प्रत्येक घराचा या इतिहासाशी असा संबंध आहे.

रक्षणाची जबाबदारी

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास ओतल्या गेलेल्या लाव्ह्याच्या काळ्या खडकाने झाकलेला आहे. त्याहून जुने थर राज्यात थोड्याच ठिकाणी, मुख्यतः पूर्व विदर्भात आणि दक्षिण कोकणात, उघडे आहेत. म्हणूनच चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर जिल्ह्यांतील अशा जागांचे मोल अधिक. इरईची ख्याती शिंपल्यांसाठी नव्हे, ओरखड्यांसाठी आहे. पण ती मनेंद्रगडच्याच कथेचे पहिले प्रकरण आहे.

अशा स्थळांना धोका बहुधा दुष्ट हेतूने पोहोचत नाही. रस्त्यासाठी खडी हवी असते, बांधकामासाठी वाळू हवी असते. कोणी हौसेने शिंपल्याचा दगड फोडून घरी नेतो. थरातून उचललेला जीवाश्म मात्र कपाटातली एक शोभेची वस्तू होऊन बसतो. तो कोणत्या थरात, कोणाच्या शेजारी, कोणत्या बाजूने पडला होता, हीच त्याची खरी साक्ष असते आणि ती उचलण्याच्या क्षणी नाहीशी होते. मंदिराचा ढासळलेला कळस पुन्हा बांधता येतो. उमरियाचा तीन मीटरचा थर एकदा खणून नेला तर तो कोणत्याही निधीतून पुन्हा घडविता येणार नाही.

या बाबतीत ज्यांच्या हाती काही करणे आहे, असे तिघे जण आहेत. पहिला शिक्षक. शाळेच्या सहलीत मुलांना खडक दाखवावा, वहीत चित्र काढून घ्यावे, छायाचित्र घ्यावे, परंतु हातोडी घरी ठेवावी. नवे काही आढळल्यास जागेची नेमकी नोंद करून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर येथील मध्य विभागीय कार्यालयास कळवावे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश व छत्तीसगड ही तिन्ही राज्ये त्याच कार्यालयाच्या कक्षेत येतात.

दुसरा पंचायतीचा सदस्य. अनुसूचित क्षेत्रांत गौण खनिजांचा खाणपट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची अथवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस १९९६ च्या पंचायत विस्तार अधिनियमाने, म्हणजेच पेसा कायद्याने, आवश्यक ठरविली आहे. हा अधिकार वापरताना गावातील कोणता खडक ठेवावयाचा आणि कोणता द्यावयाचा, याचा विचार ग्रामसभेत व्हावयास हवा. त्यासाठी गावाला आपला खडक ओळखता आला पाहिजे.

तिसरा अधिकारी. रस्ता, पूल किंवा बंधाऱ्याची आखणी होते तेव्हा नकाशावर शेतजमीन, वन व वस्ती यांची नोंद असते. त्याच नकाशावर अशा स्थळांची एक खूण केली, तर पुष्कळसे नुकसान खर्चाशिवाय टळेल. उमरियाचा थर रेल्वेमार्गाच्या कापणीनेच प्रकाशात आणला, हे येथे विसरू नये. बांधकाम आणि संशोधन यांचे वैर नाही. काम चालू असताना जाणत्या माणसाचे लक्ष तिकडे असले म्हणजे पुरे.

नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन जोपासण्याचा अंतर्भाव राज्यघटनेत १९७६ साली करण्यात आला. हे कर्तव्य केवळ प्रयोगशाळेत बजावावयाचे नसते. पायाखालच्या दगडात काय दडले आहे याची चौकशी करणे आणि ते पुढच्या पिढीच्या चौकशीसाठी जागेवर राहू देणे, हाही त्याचाच भाग आहे. हसदेवच्या काठच्या शिंपल्यांनी सुमारे २९ कोटी वर्षे आपली साक्ष सांभाळली. ती ऐकावयास येणाऱ्या उद्याच्या विद्यार्थ्याला तो खडक तेथे सापडावा, एवढी व्यवस्था आजच्या गावाला, शाळेला आणि शासनाला करता येण्यासारखी आहे.