पाचशे तासांची उमेदवारी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी केवळ मॅट्रिक झालेला, प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षे पाढे व शुद्धलेखन शिकवून निवृत्त झालेला माणूस. परंतु यंदाच्या गुणवंतांची यादी पाहता असे दिसले की, त्यांपैकी सात मुलामुलींनी औषधनिर्माणशास्त्राच्या, म्हणजे फार्मसीच्या, पदविकेला प्रवेश घेतला आहे. त्या शास्त्रातले मला काही कळते असे नाही. तथापि त्या शास्त्राच्या शिक्षणासंबंधी माझ्या हातून एक अपराध घडलेला आहे आणि तो या सात मुलांपुढे कबूल करावा, एवढ्याचसाठी मी उभा राहिलो आहे.

माझ्या वयाच्या मंडळींना दवाखान्यातील पडद्यामागचा कंपाउंडर आठवत असेल. घरून नेलेल्या बाटलीत तो लाल मिश्रण भरून देई आणि एका वेळेस किती घ्यावयाचे हे कळावे म्हणून बाटलीला कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवी. औषध डॉक्टरांचे, परंतु त्याचे माप कंपाउंडरच्या हाती! ते माप चुकले तर डॉक्टरांची विद्या व्यर्थ, हे त्या पट्टीकडे पाहून अडाणी माणसालाही समजत असे.

आपल्या देशात या मापाची जबाबदारी शिकलेल्या माणसावर सोपविण्याचा विचार तसा अलीकडचा. १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषधांच्या चौकशीसाठी समिती नेमली. भेसळीच्या व हिणकस औषधांचा सुळसुळाट तिच्या निदर्शनास आला आणि कायदा व शिक्षण या दोहोंची निकड तिने सांगितली. १९३२ साली महादेव लाल श्रॉफ यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात या विषयाच्या अध्यापनास आरंभ केला. पुढे १९४८ साली फार्मसी कायदा झाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्याखेरीज इतरांनी तयार करू वा देऊ नये, असे त्याचे बेचाळिसावे कलम सांगते.

अशा अधिकाराच्या माणसाला काय शिकावे लागते? शरीराची रचना व क्रिया, औषधी वनस्पतींची ओळख, औषधांचे रसायनशास्त्र, औषधाचा देहावर होणारा परिणाम, कायदा आणि नीती. मुलांना हे ओझे वाटते. परंतु बाळांनो, या प्रत्येक पाठामागे कोणाच्या तरी घरातले दुःख आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन पोटात गेल्याने चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. दिसावयास दोन्ही द्रव सारखेच, स्वच्छ व गोडसर. त्यांतील भेद डोळ्यांना कळत नाही, तो परीक्षानळीलाच कळतो. प्रयोगशाळेत शुद्धतेची कसोटी घेताना कंटाळा आला, तर त्या चौदा जणांचे स्मरण करा.

दोन वर्षांच्या या पुस्तकी अभ्यासानंतर उमेदवारी येते. १९९१ च्या शिक्षण-नियमांनी तीन महिन्यांहून कमी नाही अशा काळात पाचशे तासांचे प्रत्यक्ष शिक्षण सांगितले आणि त्यांपैकी निदान अडीचशे तास चिठ्ठीप्रमाणे औषधे देण्यात जावेत असे बंधन घातले. २०२० च्या नव्या नियमांतही ही उमेदवारी कायम राहिली. वेलांटी-उकाराचा पत्ता नसलेले डॉक्टरांचे अक्षर लावणे, सारख्या नावांच्या दोन औषधांत गफलत न होऊ देणे, इन्शुलिन दोन ते आठ अंश उष्णतेत सांभाळणे, अनुसूची एच-१ मधील औषधांची वेगळ्या वहीत नोंद ठेवणे, आणि समोरच्या म्हाताऱ्या माणसाला 'ही गोळी केव्हा, किती व कशी' हे त्याच्या भाषेत समजावून देणे, या गोष्टी पुस्तकात वाचून येत नाहीत. त्या उभे राहूनच शिकाव्या लागतात.

आता माझा अपराध सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच समाजातील एका विधवा भगिनीचा मुलगा ही पदविका उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला. तो माझा विद्यार्थी. घरी अडचण होती, तीन महिने बिनपगारी उभे राहणे त्याला परवडणारे नव्हते. मी एका ओळखीच्या दुकानदाराकडे शब्द टाकला आणि पाचशे तासांचा दाखला एका दिवसात सही-शिक्क्यासह त्याच्या हाती पडला! पुढे नोंदणी झाल्यावर दुसरा एक दुकानदार त्याचे प्रमाणपत्र भाड्याने मागू लागला. दुकानात यावयाचे नाही, नुसते प्रमाणपत्र भिंतीवर टांगावयाचे आणि दरमहा पैसे घ्यावयाचे. मुलगा मला विचारावयास आला. मी म्हणालो, "घरी चालून आलेली लक्ष्मी नाकारू नये." एका शिक्षकाच्या तोंडून हे शब्द निघाले! मुलाने प्रमाणपत्र दिले आणि स्वतः एका कचेरीत कारकुनी पत्करली.

त्यानंतर तीन वर्षांनी माझ्या पत्नीला संधिवात झाला. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावी असे चिठ्ठीत लिहिले होते. मी घराजवळच्या एका दुकानात गेलो. तेथील पोरसवदा नोकराने पाकिटावर 'रोज रात्री एक' असे लिहून दिले आणि आम्ही ते वेदवाक्य मानले. आठवड्याभरात तिचे तोंड आतून सोलून निघाले, पाणीही गिळवेना, अंगात ताप भरला. आम्ही उष्णता झाली असे समजून गुलकंद देत बसलो. त्या संध्याकाळी तो माझा विद्यार्थी सहज भेटीस आला. त्याने पाकीट मागितले, चिठ्ठी मागितली, दोन्ही शेजारी धरली आणि त्याचा चेहरा उतरला. "सर, ही गोळी आठवड्याची आहे. रोज घेतली तर रक्तातल्या पेशी घटतात. आत्ताच्या आत्ता निघू या." त्याच रात्री तिला रुग्णालयात दाखल केले. अकरा दिवसांनी ती घरी परतली, हे आमचे दैव.

नंतर मी त्या दुकानात गेलो. भांडावयास नव्हे, केवळ विचारावयास. औषधनिर्माते कोठे आहेत, असे मी त्या मुलाला विचारले. त्याने मान वर करून दाखविले, "ते काय, भिंतीवर." चौकटीत प्रमाणपत्र होते. ते माझ्या विद्यार्थ्याचे नव्हते, दुसऱ्या कोणाचे तरी होते. परंतु त्यालाही असाच कोणी तरी गुरुजी भेटला असेल, या विचाराने माझी मान खाली गेली. विद्या होती, ती कचेरीत जमाखर्च लिहीत बसली होती, आणि तिच्या जागी चौकट उभी होती!

पुढच्याच महिन्यात माझ्या विद्यार्थ्याने आपले प्रमाणपत्र काढून आणले. आता तो स्वतः एका औषधालयात उभा राहतो. मिळकत थोडी कमी झाली, याची मला जाणीव आहे. गरिबाला नुसती नीती सांगणे सोपे असते. म्हणून मी मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. पहिली, पदविकेच्या गरजू विद्यार्थ्यांना उमेदवारीच्या तीन महिन्यांपुरते तरी निर्वाहवेतन द्यावे. त्या निधीसाठी माझ्या निवृत्तिवेतनातून एका विद्यार्थ्याचा भार मी उचलतो. दुसरी, या सभागृहात औषधांची दुकाने असलेले जे बंधू आहेत, त्यांनी उमेदवार प्रत्यक्ष उभा राहिल्याखेरीज दाखल्यावर सही करू नये आणि भिंतीवर ज्याचे नाव त्यालाच गल्ल्यापलीकडे उभे करावे. माझे हे शब्द काहींना बोचतील. ते मला प्रथम बोचले आहेत, एवढेच मी नम्रपणे सांगतो.

विद्यार्थिमित्रांनो, २०२२ च्या नियमांनी पदविकेनंतर आणखी एक परीक्षा ठेवली आहे. तीही तुम्ही उत्तीर्ण व्हाल. परंतु खरी परीक्षा त्यानंतर रोज, दुकानाच्या फळीवर, चिठ्ठी हातात घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी माणसापुढे आहे. त्याला वाचता येत नसेल, विचारावयाचा संकोच वाटत असेल. त्याने न विचारता तुम्ही सांगा. पाचशे तासांतला एकही तास चुकवू नका. कोणत्या तासाला कोणाचा जीव बांधलेला आहे, हे आधी कळत नाही.