छंद लहान मोटारींचा
(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



छंद या विषयावर मी चार शब्द बोलावेत, असे संस्थेने सुचविले. ज्या छंदाने मला घडविले त्याविषयीच बोलावे असे मी ठरविले. तो छंद म्हणजे जुन्या मोटारींच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार करणे. "हा तर पोरखेळ!" असे आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. माझ्या अब्बांच्या मनातही तेच आले होते.

अब्बा मुंबईत टॅक्सी चालवीत. राजिवड्यातील आमच्या घरी ते वर्षातून दोनदा येत. मी पुठ्ठा आणि खळ घेऊन त्यांची टॅक्सी बनवीत बसे. आठवीत गणितात नापास झालो, त्या वर्षी निकालपत्रक पाहून त्यांनी ती अर्धवट गाडी उचलली आणि चुलीत टाकली. रागावण्याचा त्यांना हक्क होता. दिवसाचे बारा-बारा तास गाडी चालवून ते माझी फी पाठवीत होते. परंतु ज्या गणितात मी नापास झालो होतो, तेच गणित मी त्या पुठ्ठ्यावर रोज करीत होतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते.

ते गणित कोणते, ते पाहा. अब्बांची टॅक्सी पद्मिनी होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून ही गाडी फियाट ११०० डिलाइट या नावाने तयार होऊ लागली, आणि १९७० नंतरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. तिच्या पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर २३४० मिलिमीटर. प्रतिकृती १:२४ या प्रमाणात करावयाची तर २३४० भागिले २४, म्हणजे ९७.५ मिलिमीटर. फुटाला अर्धा इंच असे हे प्रमाण. त्यात सहा फुटी माणूस तीन इंचांचा होतो. आता आपला हात एक मिलिमीटर चुकला, तर खऱ्या गाडीत ती चूक २४ मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ इंचभर झाली. मग दार बसत नाही, काच तिरकी दिसते, आणि पाहणारा म्हणतो, "काहीतरी चुकलेय." गुणोत्तर आणि प्रमाण पुस्तकात वाचून विसरते, हाताने केलेले विसरत नाही. पुढच्या वर्षी आमच्या गणिताच्या सरांनी माझा आलेखकागद पाहिला, आणि मला फळ्यापाशी बोलावून तेच गणित सर्व वर्गाला समजावून सांगावयास लावले. त्यानंतर मी गणितात नापास झालो नाही.

विद्यार्थीमित्रांनो, या छंदाला फार पैसा लागतो असे नाही. प्रथम गाडीची समोरून, बाजूने, मागून व वरून चित्रे मिळवा आणि मापे काढून ती आलेखकागदावर उतरवा. अंगासाठी जाड पुठ्ठा किंवा मऊ लाकूड घ्या. सावंतवाडीचे कारागीर खेळण्यांसाठी जे पांगाऱ्याचे लाकूड वापरीत आले आहेत, तसे हलके लाकूड उत्तम. पुठ्ठ्याचा साचा कापून तो वरचेवर लावून पाहा, आणि काचकागदाने थोडे थोडे घासा. कारण घासून कमी करता येते, परंतु गेलेले परत आणता येत नाही. दिव्यांच्या काचांसाठी औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातील फुगीर प्लास्टिक कापून घ्यावे. टायरला सायकलची जुनी ट्यूब चालते. चकाकत्या पट्ट्यांसाठी चॉकलेटचा चंदेरी कागद चिकटवून काडीने दाबीत न्यावा. रंग मात्र एकदम जाड देऊ नये. पातळ हात द्यावा, वाळू द्यावा, मग दुसरा. आपल्या कोकणात आषाढ-श्रावणात फवाऱ्याचा रंग मारू नका. दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक चढते. पावसाळ्यात कापावे, घासावे; रंगकाम दिवाळीनंतर. ब्लेड नेहमी अंगापासून दूर चालवावे, आणि थिनर उघड्या खिडकीपाशीच वापरावा.

या खेळाची किंमत इतरांनी केव्हाच ओळखली आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० ते १९६८ या काळात मुलांसाठी प्रतिकृतींची स्पर्धा चालविली. आरंभी राजेशाही घोडागाडी, पुढे स्वतःच्या कल्पनेतील मोटार. विजेत्यांना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळत, आणि त्यांतील कित्येकजण मोठेपणी खऱ्या मोटारींचे आराखडे करू लागले. दूर कशाला, पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी छोट्या रेल्वेगाड्यांचा छंद जोपासला, आणि त्यातून कोथरूडला १९९८ मध्ये संग्रहालय उभे राहिले.

आता पुन्हा अब्बांकडे येतो. पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली. अब्बा तोवर थकून घरी बसले होते. ती बातमी ऐकून दोन दिवस ते कोणाशी फारसे बोलले नाहीत. मी पुन्हा पद्मिनी करावयास घेतली. काळे अंग, पिवळे छप्पर, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. सात महिने लागले. पूर्ण झाल्यावर ती त्यांच्या हातात ठेवली. बराच वेळ त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली. मग म्हणाले, "मीटर कुठे आहे रे? मीटर बाहेर असायचा, डाव्या बाजूला."

मी मीटर विसरलो होतो. ज्याच्यावर आमचे घर चालले, तोच!

त्या संध्याकाळी अब्बा प्रथमच आपल्या टॅक्सीविषयी बोलले. पावसात बंद पडलेली गाडी, रात्रपाळी, मागच्या सीटवर झोपून काढलेल्या रात्री. चुलीत टाकलेल्या गाडीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. दुसऱ्या दिवशी मी मीटर करावयास बसलो तेव्हा ते शेजारी स्टूल ओढून बसले आणि माप सांगू लागले.

पालकहो, आखातातून कोणी येणार असेल तर मुलासाठी तयार, बटणावर धावणारी मोटार मागवू नका. बारीक कानशींचा एक संच आणि चांगली स्टीलची पट्टी मागवा. मुलींनाही द्या, त्यांचा हात अधिक स्थिर असतो असा माझा अनुभव आहे. मूल पुठ्ठा कापीत बसले असेल तर रागावण्यापूर्वी जवळ बसून एकदा विचारा, "हे कोणत्या मापाने केलेस?" उत्तर आले तर समजा की अभ्यास चालू आहे. आणि मुलांनो, तुम्हीही वडिलांना विचारा, तुम्ही कोणती गाडी चालवीत होता, कोणत्या जहाजावर होता, कोणत्या यंत्रावर काम करीत होता? प्रथम तीच बनवा.

संस्थेने शाळेत एक टेबल आणि एक कपाट या कामासाठी द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.