चित्रांच्या पाटीवरचा ‘नको’



ज्या मुलाला बोलता येत नाही, त्याच्यापाशी बोलण्यासारखे काही नसते, असे आपण नकळत धरून चालतो. आमच्या घरीही काही वर्षे असेच चालले. आमच्या धाकट्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. जिभेला व ओठांना मेंदूकडून मिळणारी आज्ञा नीट पोहोचत नाही. त्यामुळे शब्द मनात तयार असतो, मुखावाटे बाहेर पडत नाही. समजत मात्र त्याला सारे असते.

तो पाच वर्षांचा असताना वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी आम्हाला चित्रांची पाटी करून दिली. पुठ्ठ्यावर चौकोन, चौकोनात चित्र, चित्राखाली शब्द; मुलाने बोट ठेवायचे. पुढे हेच टॅब्लेटवर आले. चित्राला स्पर्श केला की यंत्र शब्द उच्चारते. मुंबईच्या आय. आय. टी.त तयार झालेले ‘जेलो’ हे असे साधन विनामूल्य मिळते आणि ते मराठीतही बोलते.

चित्रांनी बोलण्याची ही कल्पना तशी नवी नव्हे. चार्ल्स ब्लिस या गृहस्थांनी १९४९ साली एक चिन्हलिपी प्रसिद्ध केली. भिन्नभाषी राष्ट्रांनी एकमेकांना समजून घ्यावे, हा त्यांचा हेतू. राष्ट्रांनी तिच्याकडे पाठ फिरविली. पण १९७१ साली टोरोंटोमध्ये वाचा नसलेल्या मुलांना ती शिकविण्यात आली, आणि ती मुले तिच्यातून बोलू लागली!

पाटी घरात आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “बोट दाखवून भागलं, तर तो तोंड कशाला उघडेल?” ही भीती घरोघरी असते. तिला उत्तर आहे. मिलर, लाइट व श्लॉसर या संशोधकांनी २००६ साली तोवरच्या अभ्यासांचा पडताळा घेतला. ज्यांच्याविषयी काटेकोर पुरावा होता अशा २७ जणांपैकी एकाचेही बोलणे या साधनांमुळे घटले नव्हते. बहुतेकांचे थोडेफार वाढलेच होते. सासूबाईंना हे पटायला मात्र दोन वर्षे लागली.

खरी चूक माझीच झाली. मी पाटीची परीक्षा करून टाकली. “पाणी कुठंय? केळं दाखव. शाबास!” मूल दोन दिवसांत कंटाळले. मी बाईंकडे तक्रार नेली. त्यांनी विचारले, “थोरली बोलायला कशी शिकली?” मी म्हणाले, आमचे ऐकून. “मग पाटीवर बोलणारं याने कोणाला पाहिलंय?”

त्या दिवसापासून आम्हीच पाटीवर बोलू लागलो. “आणखी भात हवा?” असे म्हणताना मी ‘आणखी’वर बोट ठेवी. यजमान कचेरीतून आले की ‘मी’ आणि ‘दमलो’ या चौकोनांना हात लावीत. त्याचा हात धरून बोट टेकवायचे नाही, हा नियम. आणि विचारल्यावर मनात दहा अंक मोजीपर्यंत गप्प राहायचे. हे शेवटचे फार कठीण! तिसऱ्या अंकालाच आईच्या तोंडून उत्तर निसटते.

पाटीवर आधी नुसती नावेच होती : चेंडू, मोटार, केळे. नुसत्या नावांनी वस्तू मागता येतात, गप्पा मारता येत नाहीत. मी, तू, हवे, नको, आणखी, संपले, थांब, का, असे दोनेकशे लहानसे शब्दच रोजच्या बोलण्याचा बहुतेक भार उचलतात. ते आधी हवेत. शिवाय आम्ही इंदूरचे. दाराबाहेर हिंदी, आत मराठी. तयार चित्रांत सँडविच होते, पोहे नव्हते. आत्या तर कोणाच्याच यंत्रात नव्हती. ओळखीच्या एका मुलीचे यंत्र “मी दमलो” म्हणे आणि ती रागाने ते दूर सारी. ‘दमले’ करून दिल्यावर ते यंत्र तिचे झाले.

एका संध्याकाळी त्याने दुधाच्या पेल्यासमोर ‘नको’वर बोट ठेवले. पुन्हा ठेवले. मी पाटी उचलून कपाटावर ठेवली आणि दूध पाजले. बाईंना हे सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “म्हणजे त्याचं तोंड दाबलंत.” त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्याचा नकार घरातच कोणी ऐकला नाही, ते मूल उद्या कोणी दांडगाई केली, अंगाला नको तिथे हात लावला, तर कोणाला सांगणार? कशाने सांगणार?

तेव्हापासून शिक्षा म्हणूनसुद्धा पाटी काढून घेतली जात नाही. प्रत्येक ‘नको’ मानला जातो असे नव्हे. औषध घ्यावेच लागते. पण “नको म्हणालास, ऐकलं मी, कडू आहे ते,” एवढे उत्तर त्याला मिळते. टॅब्लेटची वीज संपते, म्हणून पुठ्ठ्याची एक पाटी न्हाणीघरात आणि एक प्रवासाच्या पिशवीत असते.

परवा हे भाषण मी घरी वाचून पाहत होते. मध्येच यंत्र बोलले, “संपले?” मी म्हटले, अजून एक पान आहे. मनात दहा मोजले. सातव्या अंकाला उत्तर आले, “नको.”