सम्यक वाचा आणि ऐकणारे कान



सम्यक वाचेवर बोलताना आपण सहसा चार गोष्टी सांगून थांबतो. खोटे बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये, वायफळ बडबड करू नये. या चारही गोष्टी बोलणाऱ्याच्या झाल्या. समोरचा दुःखात किंवा रागात असला म्हणजे आधी ऐकावे लागते, आणि हे शिकायला आपल्या जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी, आपल्या जिल्ह्यातील सास्तूर आणि आसपासची गावे दगडमातीखाली गाडली गेली. मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. "रडू नका, सगळ्यांचेच गेले," असे लोक सांगत. बोलणे खरे होते, हेतूही चांगला होता. पण ज्याचे गेले त्याला त्याचा काय आधार? किसा गोतमीची कथा आपण याच कामाला वापरतो. मरण न पाहिलेल्या घरची मोहरी आण, असे भगवंतांनी तिला सांगितले. ती दारोदार फिरली, प्रत्येक घरचे दुःख तिने ऐकले, आणि उमज तिची तिला पडली. आपण मात्र कथेचा शेवट तेवढा शोक करणाऱ्याच्या हातावर ठेवतो आणि निघतो.

पण मग कटू खरे बोलूच नये काय? बोलावे. अभयराजकुमार सुत्तात भगवंतांनी राजकुमाराच्या मांडीवरच्या मुलाचा दाखला दिला आहे. मुलाने तोंडात खडा घातला तर रक्त आले तरी तो काढावाच लागतो. सत्य, हिताचे, पण अप्रिय असे बोलणे तथागत वेळ ओळखून बोलतात.

ही अडचण आपल्याकडे माळवदावरून आली. वडिलांनी बांधलेले माळवद, उन्हाळ्यात गार. तेच जड छप्पर जीवघेणे ठरले, हे म्हाताऱ्याला कसे सांगायचे? "पाडा" म्हटले की बोलणे संपले. जी घरे जागेवरच मजबूत करायची होती, तिथे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील बाया 'संवाद सहायक' झाल्या. सरकारी योजना घरात समजावायची आणि घरातल्या बायांचे म्हणणे सरकारपर्यंत न्यायचे, असे दुहेरी काम. निरोप्या होणे सोपे. म्हणणे न बदलता परत नेणे अवघड, आणि आमच्या मते खरी परीक्षा तिथेच होती.

म्हाताऱ्याला आधी माळवदाविषयी बोलू द्यावे. ते कोणी बांधले, लाकूड कुठून आणले, सगळे. नंतर, वरची माती कमी करू, भिंतीत आरपार दगड घालू, असे सांगता येते. घर त्याचेच राहते.

आपल्या मंडळातही जागेवरून, वर्गणीवरून, भावाभावांच्या वाटणीवरून बैठका बसतात. तिथे निवाडा देण्याआधी आम्ही एक विचारतो, "तुमचे आणखी काही सांगायचे राहिले का?" पुष्कळदा खरे गाऱ्हाणे त्यानंतरच निघते.