तक्रार, गिटार आणि दमट हवा

(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



आमची उभी नोकरी इतरांच्या तक्रारींवर शेरे मारण्यात गेली. संगीतावर बोलण्याचा आमचा अधिकार शून्य. तरीही आज एका गिटारीची हकीकत सांगावयास उभे आहोत.

कोलकात्याला गिटार परकी नाही. हवाई गिटारीवर रवींद्रसंगीत ऐकत येथील पिढ्या वाढल्या. आमच्या कन्येनेही हट्ट धरला, आणि फाल्गुनात आम्ही तिला एक साधी, विजेविना वाजणारी गिटार घेऊन दिली. आषाढात ती म्हणू लागली, "बाबा, तारा दाबताना बोटे फार दुखतात." आम्ही 'आळस' असा शेरा मारून प्रकरण निकालात काढले. श्रावणात तिने वाद्य कोपऱ्यात उभे केले आणि आईला सांगितले की, हे आपल्या अंगी नाहीच. तेव्हा कुठे आम्ही ते हाती घेऊन पाहिले. तारा पडद्यांपासून चांगल्याच वर उठल्या होत्या!

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा उल्लेख ठोकून आम्ही खरमरीत मसुदा केला व दुकान गाठले. वृद्ध दुकानदाराने आधी स्टूल पुढे केले. "बसा दादा," म्हणाला. मसुदा अखेरपर्यंत ऐकला. मध्ये एक शब्द नाही. मग दोनच प्रश्न : त्रास केव्हापासून, आणि गिटार ठेवता कोठे? दांडीवर लोखंडी पट्टी टेकवून त्याने दाखविले की दांडी सरळ होती; फुगली होती ती वरची फळी. लाकूड हवेतील ओलावा शोषून रेषांच्या आडव्या अंगाने वाढते, फळी पोटासारखी वर येते, तिच्याबरोबर घोडी आणि घोडीबरोबर तारा. या वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. येथे पावसाळ्यात ती ८० च्याही वर जाते. त्यात आम्ही ते ओल आलेल्या बाहेरच्या भिंतीला टेकविलेले! "उन्हात ठेवू काय?" या आमच्या प्रश्नावर मात्र त्याने कपाळाला हात लावला. एकाएकी वाळले तर लाकूड तडकते.

नंतर तो जे बोलला, ते इतक्या वर्षांच्या नोकरीत आमच्या लेखणीतून एकदाही उतरलेले नाही. "वाद्यात खोट नाही, पण विकताना हे सांगावयास हवे होते. चूक आमची."

तीन आठवडे त्याने गिटार कोरड्या कपाटात ठेवली. फळी बरीचशी बसली. मोबदला घेतला नाही. आता ती बंद पेटीत असते; सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रतामापक. पुडीतील निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करावयाचे, हे काम आमच्याकडे आहे. वाजवून झाल्यावर तारांवरचा घाम कोरड्या फडक्याने पुसणे कन्येकडे.

गिटार घरी आणली त्या संध्याकाळी आम्ही तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "बाबा, तोंडी चालणार नाही. तीन प्रतींत लिहून द्या."

दिली.