बंदरापासून दारापर्यंत

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी या संमेलनात दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारी हयात शाळेत पाढे व अंकगणित शिकविण्यात गेलेली. स्थापत्यशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? परंतु विषयाचा जसजसा विचार करू लागलो, तसतसे दिसून आले की, यात निम्म्याहून अधिक भाग अंकगणिताचाच आहे. म्हणून धीर करून आपणांपुढे उभे आहोत.

आपल्या विद्यार्थी वसतिगृहाची हकीकत सर्वांना विदित आहेच. जागा मिळाली, कुंपण झाले, निधी हळूहळू जमत आहे. बांधकाम मात्र सुरू झालेले नाही. मध्यंतरी आपल्यांतील काही उत्साही तरुणांनी कार्यकारी समितीपुढे एक सूचना मांडली. विटा, वाळू आणि सिमेंट यांच्या खटाटोपात दोन-दोन वर्षे घालविण्यापेक्षा परदेशी कारखान्यात तयार झालेल्या खोल्याच मागवाव्यात. त्या जहाजाने न्हावाशेवा बंदरात उतरतील, तेथून ट्रेलरने आपल्या गावी येतील आणि क्रेनने एकीवर एक रचल्या की वसतिगृह उभे राहील, अशी ती सूचना होय. ती ऐकून काही वडील मंडळी हसली. आम्हांस मात्र ती हसण्यावारी नेण्याजोगी वाटली नाही. तिचा नीट विचार व्हावा, एवढ्याच हेतूने आजचा हा विषय निवडला आहे.

तयार खोली म्हणजे पत्र्याची टपरी, असा समज कोणी करून घेऊ नये. या खोलीस पोलादी सांगाडा असतो; तिच्या भिंती, खिडक्या, विजेच्या तारा, नळ, एवढेच काय पण फरशी बसविलेले न्हाणीघरसुद्धा कारखान्यातच पुरे होते. जागेवर फक्त पाया तयार ठेवावयाचा आणि खोल्या एकमेकींस जोडून पाणी व वीज यांचा संबंध साधावयाचा. इकडे पाया चालू असतानाच तिकडे खोल्या होत राहतात, म्हणून वेळ वाचतो. न्यूयॉर्क शहरातील बॉवरी भागात २०१८ साली उघडलेले एक उंच हॉटेल पोलंड देशात तयार झालेल्या २१० खंडांचे बनलेले आहे. ते सर्व खंड समुद्रमार्गे आले. तेव्हा ही गोष्ट होते की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही.

आपल्या कामाशी अधिक जुळणारे उदाहरण अमेरिकेतील बर्कली येथील आहे. तेथील विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी शॅटक नावाच्या हमरस्त्यावर २०१८ साली चार मजली, २२ खोल्यांची इमारत उभी राहिली. खोल्या चीनमध्ये तयार झाल्या, जहाजाने ओकलंड बंदरात आल्या आणि तेथून ट्रकांवरून बर्कलीस गेल्या. अवघ्या चार दिवसांत त्या एकीवर एक चढल्या. आमच्या तरुण मित्रांनी ही चार दिवसांची गोष्ट समितीस सांगितली, ती खरीच आहे. परंतु त्याच हकीकतीत दुसरी एक गोष्ट आहे आणि आमचे मन तीवरच खिळले. त्या इमारतीच्या विकासकाने असे सांगितले होते की, हाँगकाँगहून समुद्र ओलांडून खोल्या आणण्यास जो खर्च आला, त्याहून अधिक खर्च ओकलंड बंदरापासून बर्कलीपर्यंत त्या ट्रकने नेण्यास आला! ओकलंड आणि बर्कली ही शेजारशेजारची गावे. मधले अंतर दहा किलोमीटरच्या आतबाहेर. प्रशांत महासागर स्वस्त पडला आणि शेवटची दोन कोस वाट महाग पडली. आपल्याकडे म्हणतात ना, हत्ती गेला आणि शेपूट राहिले, त्यातलाच हा प्रकार!

असे का व्हावे? समुद्रावर माल स्वस्त जातो, कारण तेथे सर्वांनी एक माप मान्य केले आहे. १९५६ सालच्या एप्रिल महिन्यात माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराने ५८ पेट्या एका जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठविल्या, तेव्हापासून कंटेनरचे युग सुरू झाले. पुढे जगभर पेटीची रुंदी ८ फूट ठरली, लांबी २० किंवा ४० फूट ठरली. जहाज, क्रेन आणि ट्रेलर हे तिन्ही त्याच मापाचे झाले. शिवाय समुद्रावर वळण नाही, पूल नाही आणि विजेची तार नाही.

रस्त्यावर हे सर्व आहे. माणसास राहण्यायोग्य खोली आठ फुटी पेटीपेक्षा रुंद असावी लागते, आणि तेथेच पेच पडतो. अमेरिकेत साडेआठ फुटांहून रुंद माल रस्त्यावर आणावयाचा तर वेगळा परवाना काढावा लागतो. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये मालवाहू वाहनाच्या रुंदीस २.६ मीटरची मर्यादा आहे. त्यापुढे गेलात की परवानगी आली, पुढेमागे इशारा देणारी वाहने आली, वेळेचे बंधन आले. परवानगी मिळेपर्यंत माल बंदरात पडून राहिला, तर तेथील भाडे दिवसागणिक वाढत जाते, हेही ध्यानात असावे.

आता आपल्या वाटेचा हिशेब करू. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोन जुने विद्यार्थी बरोबर घेऊन हमरस्त्यापासून वसतिगृहाच्या जागेपर्यंतची वाट टेपने मोजली. प्रथम रेल्वेचे फाटक लागते. विजेच्या गाड्या धावणाऱ्या मार्गावरील फाटकाच्या दोहों बाजूंस उंची दर्शविणारी लोखंडी कमान असते. तिच्या खालची मोकळी उंची ४.६७ मीटर. माहितीपत्रकातील खोलीची उंची ३.२ मीटर आहे. साध्या ट्रेलरचा पाट जमिनीपासून दीड मीटर उंच धरला, तर बेरीज होते ४.७० मीटर. म्हणजे सातासमुद्रांपलीकडून आलेली खोली आपल्या फाटकाशी तीन सेंटिमीटरांसाठी अडणार! एक मीटर उंचीच्या खोलगट पाटाचा ट्रेलर आणल्यास तीच बेरीज ४.२० होते आणि खोली निर्धास्त पार होते. तिसरीतील मुलाने करावी अशी ही बेरीज आहे, परंतु ती खोलीची मागणी नोंदविण्यापूर्वी केली पाहिजे.

फाटकापुढे जुन्या वाड्याचा ओटा आणि समोरचे गटार यांमधील वाट ४.१ मीटर रुंद आहे. खोली ३.४ मीटर रुंद. उरले ७० सेंटिमीटर, म्हणजे दोहों बाजूंस वीतभरापेक्षा थोडे अधिक. सरळ वाटेत एवढे पुरेल, पण पुढेच काटकोनाचे वळण आहे. लांब ट्रेलर वळतो तेव्हा त्याची मागील चाके पुढील चाकांच्या मागावरून येत नाहीत, आतल्या बाजूने वाट कापीत येतात. उसाच्या मोळ्यांनी किंवा लांब वाशांनी लादलेली गाडी ज्यांनी बोळातून वळविली आहे, त्यांस हे सांगावयास नको. मागील चाकेही वळविता येतील असे ट्रेलर असतात, परंतु त्यांचे भाडे जबर. त्याच वळणावर पारावरचा वड आहे. त्याच्या दोन मोठ्या फांद्या साडेतीन मीटरांवर आडव्या आल्या आहेत. त्या तोडाव्या लागतील, असे कोणी सहज म्हणेल. परंतु वड आपल्या मंडळाचा नव्हे, साऱ्या गावाचा आहे. आपल्या मुलांच्या निवाऱ्यासाठी गावाची सावली तोडण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, याचे उत्तर आधी तयार ठेवावे लागेल.

मोठा माल रस्त्याने नेणे म्हणजे काय, याचा वस्तुपाठ आपल्याच महाराष्ट्राने पाहिला आहे. येथूनच तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी एक प्रचंड यंत्र जुलै २०१९ मध्ये निघाले. वजन सुमारे ७० टन, उंची साडेसात मीटर, रुंदी ६.६५ मीटर. ७४ चाकांचे वाहन आणि बरोबर ३२ माणसे. दिवसाकाठी सुमारे पाच किलोमीटर असा प्रवास करीत ते जुलै २०२० मध्ये पोहोचले. मध्ये टाळेबंदी आली, तिनेही खोळंबा केला. वाटेत कोठे रस्ता दुरुस्त करावा लागला, कोठे फांद्या छाटाव्या लागल्या, कोठे तारा उचलाव्या लागल्या. आपली खोली त्या मानाने लहान असली तरी अडचणींची जात तीच.

येथे त्या माणसांविषयी थोडे बोलल्यावाचून राहवत नाही. अशा प्रवासात सर्वांत पुढे एक लहान गाडी असते. तिच्यावर मालाच्या उंचीहून किंचित उंच काठी उभी केलेली असते. काठी तारेला लागली की मागचा ट्रेलर थांबतो. मागे साखळदंड आणि पट्टे दर मुक्कामी तपासणारा असतो. वीजमंडळाचा तारवाला प्रवाह बंद केल्याची खात्री करून तार उचलून धरतो. खोल्या ज्या क्रमाने चढवावयाच्या त्याच क्रमाने जागेवर आणाव्या लागतात, त्याची यादी सांभाळणारा वेगळाच. क्रेनचा हात जितका लांब पसरावा तितकी तिची उचलण्याची शक्ती घटते, हे गणित क्रेनवाल्यास तोंडपाठ असते. यांतील एकाची नजर चुकली तर लक्षावधी रुपयांची खोली गटारात, आणि प्रसंगी मनुष्यहानी. असे असता आपल्या ज्ञातीत ‘मुलगा ट्रकवर आहे’ हे वाक्य खाली मान घालून का उच्चारले जावे? विवाहाच्या याद्यांतून त्या मुलांची नावे मागे का पडावीत? ही विद्या आहे आणि ती जबाबदारीची विद्या आहे. कचेरीतल्या खुर्चीएवढाच मान तिला मिळाला पाहिजे.

आता निर्णयाकडे वळू. तयार खोल्यांस आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे इतकेच की, अंथरूण पाहून पाय पसरावे, तशी वाट पाहून खोली मागवावी. समितीने तीन गोष्टी कराव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे. पहिली, बंदरापासून दारापर्यंतच्या वाटेची जाणकार वाहतूकदाराकडून लेखी पाहणी करून घ्यावी. दुसरी, कारखान्याकडून दर मागविताना बंदरापर्यंतचा दर आणि दारापर्यंतचा दर वेगळा मागवावा, म्हणजे शेपटाची लांबी आधीच कळेल. तिसरी, रुंद खोली वळणावर अडत असेल तर कंटेनरच्या मापाच्या अरुंद खोल्या, किंवा भिंती व छत सुटे आणून जागेवर जोडण्याची पद्धत, यांचाही खर्च मांडावा. हे तिन्ही हिशेब शेजारी शेजारी ठेवून मगच ठराव व्हावा.

वसतिगृहाच्या निधीच्या वहीत आम्ही देणगीदारांची नावे वाचली आहेत. पेन्शनीतून पाचशे रुपये देणाऱ्या विधवा भगिनी त्यांत आहेत आणि पहिला पगार आणून देणारी मुलेही आहेत. त्यांचा पैसा महासागर ओलांडून आपल्याच फाटकाशी अडकून पडू नये. जून महिना आला की खेड्यापाड्यांतून मुले येतात आणि जागा नाही म्हणून परत जातात. त्यांना छप्पर लवकर मिळाले पाहिजे. ते विटांचे असो वा पोलादाचे. घाईपेक्षा मोजणी लवकर पोहोचविते, असे आम्ही वर्गात सांगत असू. तेच आज आपणांस सांगितले.

वाट मोजण्याच्या कामी आमची आणि आमच्या टेपची सेवा मंडळास केव्हाही हजर आहे.