पाण्याचा जमाखर्च



हिशेब न ठेवणारे घर कर्जात बुडते. पाण्याचा हिशेब न ठेवणारे गाव चैत्रातच टँकरची वाट पाहू लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे अवर्षणप्रवण गाव. तेथे पावसाळा संपताच पडलेला पाऊस व विहिरींतील पाणी मोजून ग्रामसभेपुढे ताळेबंद मांडला जातो. प्रथम माणसांचे पिणे, मग जनावरांचे. उरेल त्यावर रब्बीचा पेरा ठरतो. पाऊस कमी, तर पेराही कमी.

हे गणित आपल्या शाळेतही शिकविता येईल. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. एका हेक्टरवर १०,००० लिटर. त्यांतील काही वाहून जाते, काहीची वाफ होते. मुरते तेवढेच विहिरीस मिळते, हेही मुलांस उमजावे. दर महिन्यास शिक्षकाने स्वतः विहिरीत दोर सोडावा व मुलांनी पातळीचा आकडा वहीत टिपावा.

आज हा जमाखर्च मांडणारी मुले उद्या ग्रामसभेत पेरणीपूर्वी विचारतील, “शिल्लक किती?” गावाचे पिण्याचे पाणी राखणारा हा प्रश्न त्यांच्या मुखी घालणे आपल्या हाती आहे.